कारखान्यातून निघालेले क्लब: स्थापनेच्या गोष्टी कशा वाचाव्यात

लोअर परळच्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याने तीन प्रश्न पाठवले आहेत. त्यांच्या मंडळाचा फुटबॉल संघ बरीच वर्षे स्थानिक स्पर्धांत खेळतो आहे आणि आता त्यांना रीतसर क्लब नोंदवायचा आहे. त्यांचे विचारणे असे: जगातल्या जुन्या फुटबॉल क्लबांच्या जन्माच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांत खरे किती, रेल्वे, गिरण्या आणि गोद्या मुंबईतही होत्या, तर मँचेस्टर युनायटेडसारखा एखादा क्लब इथल्या कामगारवस्तीतून का उभा राहिला नाही, आणि त्यांच्या जर्सीवर स्थापनेचे वर्ष म्हणून संघ पहिल्यांदा खेळला ते घालावे की नोंदणी होईल ते. मुंबईच्या लीगमध्ये खेळणाऱ्या एका हौशी क्लबचे सचिवपद मी दीर्घकाळ सांभाळले आणि इतर क्लबांच्या घटना व नियमावल्या तयार करून देण्याचे काम अजूनही करतो. त्यामुळे हे उत्तर खेळाडूच्या नजरेपेक्षा दप्तर सांभाळणाऱ्याच्या नजरेने लिहिलेले आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

स्थापनेची कोणतीही गोष्ट समोर आली की मी आधी तीन गोष्टी शोधतो. मैदान कोणाच्या मालकीचे होते, खर्च कोणाच्या खिशातून होत होता, आणि ज्या संस्थेच्या अंगणात हा संघ वाढला तिच्यापासून तो कायद्याने वेगळा केव्हा झाला. जन्माच्या कथेत बहुधा पहिल्या दोन गोष्टींचा ओझरता उल्लेख असतो आणि तिसरीचा अजिबात नसतो. माझ्या मते क्लबचे आयुष्य ठरते ते मात्र या तिसऱ्या गोष्टीवर.

निव्वळ फुटबॉल खेळायचा म्हणून जन्मलेले क्लब सुरुवातीच्या काळात थोडेच. शेफील्ड फुटबॉल क्लब हा त्यांतला सर्वांत जुना. २४ ऑक्टोबर १८५७ रोजी नाथानिएल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट यांनी तो काढला आणि पुढच्याच वर्षी स्वतःची नियमावली मंजूर करून घेतली. त्या वेळी खेळायला दुसरा क्लबच नव्हता, म्हणून सभासद आपापसांत विवाहित विरुद्ध अविवाहित अशा तुकड्या पाडून सामने खेळत. १८६० मध्ये जवळच हॅलम हा क्लब निघाला आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला दोन क्लबांमधला पहिला सामना झाला. लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली ती त्यानंतर, २६ ऑक्टोबर १८६३ रोजी. क्लब आधी आणि महासंघ नंतर, हा क्रम आपल्याकडच्या माणसाला विचित्र वाटतो, कारण आपण नोंदणीचा अर्ज हातात घेऊनच सुरुवात करतो. एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. शेफील्डच्या या गृहस्थांकडे मोकळा वेळ होता, हाती पैसा होता आणि कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती. पुढच्या पिढीतल्या ज्या क्लबांची नावे आज जगभर दुमदुमतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना यातले काहीच उपलब्ध नव्हते, म्हणून त्यांना कोणाच्या तरी आश्रयाने जन्म घ्यावा लागला.

मँचेस्टर युनायटेडचा जन्म १८७८ मध्ये लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील डबे दुरुस्त करणाऱ्या विभागात झाला असे सांगितले जाते. आपल्या परळ किंवा माटुंग्याच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी संघ काढावा, तसेच ते होते. हिरवा आणि सोनेरी असे त्यांच्या सदऱ्यांचे रंग होते. पहिली काही वर्षे कागदोपत्री फारशी सापडत नाहीत. ठळक नोंद मिळते ती नोव्हेंबर १८८० मधल्या बोल्टनच्या दुय्यम संघाविरुद्धच्या सामन्याची, ज्यात न्यूटन हीथने ०–६ असा मार खाल्ला. पण लोकांना आठवते ती कुत्र्याची गोष्ट. १९०२ च्या सुरुवातीला क्लबवर २,६७० पौंडांचे कर्ज होते आणि दिवाळखोरीची वेळ आली होती. निधी जमवण्याच्या जत्रेतून कर्णधार हॅरी स्टॅफर्डचा सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा हरवला, तो जॉन हेन्री डेव्हिस या मद्यनिर्मात्याच्या घरी पोहोचला, मुलीला तो आवडला, ओळख झाली आणि डेव्हिसने काही साथीदारांसह क्लब वाचवला. एप्रिल १९०२ मध्ये नाव बदलून मँचेस्टर युनायटेड झाले आणि रंग लाल झाला.

कुत्र्याच्या गोष्टीत तपशिलांची भर पुढे पडत गेली असणार, याबद्दल मला शंका नाही. पण कर्जाचा आकडा, डेव्हिस आणि नामांतर ही हाडे पक्की आहेत. इथे माझे लक्ष एका वेगळ्या मुद्द्याकडे जाते: संकट आले तेव्हा रेल्वे कंपनी चित्रात कुठेच नव्हती. क्लबने तोवर रेल्वेच्या नावाची अक्षरे गाळली होती आणि व्यावसायिक खेळाडू घेऊन तो लीगमध्ये उतरला होता. कंपनीवर अवलंबून राहिला असता, तर एखाद्या नव्या साहेबाच्या सहीने तो बंद पडला असता आणि त्याला विकत घ्यायला कोणी आलेही नसते, कारण विकण्यासारखी स्वतंत्र वस्तूच उरली नसती.

याहून स्वच्छ उदाहरण वेस्ट हॅमचे आहे आणि गोदीच्या शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते नीट वाचावे. टेम्स नदीकाठच्या थेम्स आयर्नवर्क्स या जहाजबांधणीच्या कारखान्यात १८९५ मध्ये फुटबॉल क्लब निघाला. मालक अर्नोल्ड हिल्स हे दारू न पिणारे, व्यायामाचे भोक्ते आणि कामगारांच्या कल्याणाची तळमळ असलेले गृहस्थ. कारखान्यात नुकतेच संप होऊन गेले होते आणि मालक-कामगार यांच्यातली कटुता खेळाने कमी होईल अशी त्यांची कल्पना होती. डेव्ह टेलर या फोरमनने संघाची बांधणी केली. कामगारांनी वर्गणी भरली, उरलेला भार हिल्सनी उचलला. हळूहळू संघ जिंकू लागला, बाहेरचे खेळाडू आले, पैसे घेऊन खेळण्याची मागणी वाढली. हौशी खेळाचे पुरस्कर्ते असलेल्या हिल्सना ते रुचले नाही. जून १९०० मध्ये जुना क्लब विसर्जित झाला आणि पुढच्याच महिन्यात भागभांडवल उभारून वेस्ट हॅम युनायटेड या नावाने कंपनी नोंदली गेली. चार वर्षांनी क्लबने आपले मैदानही हलवले. पुढे १९१२ मध्ये थेम्स आयर्नवर्क्स कारखाना बंद पडला. शेवटचे मोठे जहाज पाण्यात उतरले, कामगार पांगले, पण वेस्ट हॅम खेळतच राहिला आणि त्याच्या बोधचिन्हावर जहाजाचे रिव्हेट ठोकणारे दोन हातोडे आजही आहेत. कारखाना आणि क्लब यांच्या वाटा वेगळ्या होऊन जेमतेम बारा वर्षे झाली होती. ती बारा वर्षे नसती तर ही कथा औद्योगिक इतिहासाच्या तळटीपेत संपली असती.

आर्सेनलचेही साधारण तसेच. १८८६ मध्ये वूलिचच्या सरकारी दारूगोळा कारखान्यातल्या डायल स्क्वेअर या विभागातील कामगारांनी, डेव्हिड डॅन्स्किन या स्कॉटिश माणसाच्या पुढाकाराने संघ काढला. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून खेळलेल्या फ्रेड बिअर्डस्लीच्या ओळखीने त्या क्लबकडून लाल सदरे आले, म्हणून आर्सेनल लाल. १८९१ मध्ये व्यावसायिक होण्याचा निर्णय झाला, १८९३ मध्ये क्लब मर्यादित कंपनी झाला. मैदानाच्या मालकाने भाडे वाढवले तेव्हा कामगार आणि चाहत्यांनी शेअर घेऊन मॅनर ग्राउंड हे दुसरे मैदान विकत घेतले. दोन दशकांनंतर, १९१३ मध्ये, क्लब नदी ओलांडून उत्तर लंडनमधल्या हायबरीला निघून गेला. कारखाना वूलिचलाच राहिला.

मैदानावरून क्लब फुटल्याची गोष्ट लिव्हरपूलच्या इतकी उघड दुसरी नाही. सेंट डोमिंगो या मेथडिस्ट प्रार्थनामंदिराच्या तरुणांनी १८७८ मध्ये संघ काढला, वर्षभराने त्याचे नाव एव्हर्टन झाले. तो अ‍ॅनफिल्डवर खेळे आणि १८९१ मध्ये लीगचा विजेताही झाला. अ‍ॅनफिल्डचा व्यवहार जॉन हाउल्डिंग या दारूभट्टीवाल्याच्या हातात होता. भाडे वर्षाला १०० पौंडांवरून २५० पर्यंत गेले, वाद विकोपाला गेला आणि १८९२ मध्ये एव्हर्टनचे सभासद उठून गुडिसन पार्कवर गेले. हाउल्डिंगकडे मैदान होते, संघ नव्हता. म्हणून त्याने १८९२ च्या मार्चमध्ये नवा क्लब काढला आणि त्याचे नाव लिव्हरपूल ठेवले. जॉन मॅकेनाने स्कॉटलंडहून इतके खेळाडू आणले की त्या संघाला मॅक मंडळींचा संघ म्हणत. पुढे जे दोन क्लब एकमेकांचे कट्टर शत्रू म्हणून ओळखले गेले, त्यांच्यातले वैर मुळात घरमालक आणि भाडेकरूचे आहे. मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

चर्चच्या आश्रयाने जन्मलेल्यांत सेल्टिकची कथा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी ग्लासगोच्या पूर्व भागातल्या सेंट मेरी चर्चच्या सभागृहात ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूने हा क्लब स्थापन केला. उद्देश एकच होता: आयर्लंडहून आलेल्या दरिद्री कुटुंबांच्या मुलांना अन्न देण्यासाठी सामन्यांतून पैसे उभे करायचे. पहिल्या सामन्यात, २८ मे १८८८ रोजी, रेंजर्सवर ५–२ असा विजय मिळाला. १८९२ मध्ये वॉलफ्रिडची बदली लंडनला झाली आणि १८९७ मध्ये क्लब मर्यादित कंपनी झाला. धर्मादायाचा मूळ हेतू त्यानंतर मागे पडत गेला. म्हणजे पालक संस्थेपासून वेगळे होण्याची किंमतही असते, आणि कधी कधी ती ज्यांच्यासाठी क्लब काढला त्यांनाच मोजावी लागते. माझ्या मताला ही कथा सोयीची नाही, पण ती वगळली तर उत्तर लबाडीचे होईल.

आता दक्षिण अमेरिकेकडे येतो, कारण तिथे इंग्लंडपेक्षा आपल्या जवळची उदाहरणे आहेत. परदेशी भांडवल, परदेशी साहेब, देशी कामगार, असाच तिथला साचा होता. उरुग्वेच्या माँतेविदेओ शहरालगत पेन्यारोल नावाची वस्ती होती, तिथे सेंट्रल उरुग्वे रेल्वेचे कारखाने होते. २८ सप्टेंबर १८९१ रोजी रेल्वेच्या नोकरांनी क्रिकेट क्लब काढला; ११८ सभासदांपैकी ७२ इंग्रज, ४५ उरुग्वेयन आणि एक जर्मन. क्रिकेट लवकरच मागे पडले आणि फुटबॉलने जागा घेतली. पिवळा-काळा हा रंग रेल्वेचा. जसजशी गर्दी वाढली, तसतसा इंग्रज व्यवस्थापनाला हा संघ डोईजड वाटू लागला, आणि १९१३–१४ मध्ये फुटबॉल विभाग वेगळा होऊन पेन्यारोल हे नाव घेतले गेले. यावर नासिओनाल या प्रतिस्पर्धी क्लबचे म्हणणे असे की पेन्यारोल हा १९१३ चा नवा क्लब आहे, म्हणून देशातील ज्येष्ठता १८९९ मध्ये स्थापन झालेल्या आमच्याकडे येते. शंभराहून अधिक वर्षे हा वाद चालू आहे. कागद नीट केले नाहीत तर पणतूंना भांडण वारशात मिळते, याचा इतका चांगला दाखला मला दुसरा माहीत नाही.

रिओ दि जानेरोच्या उपनगरातल्या बांगू क्लबविषयी तर गिरणगावातल्या माणसाने आवर्जून वाचावे. तिथल्या मोठ्या कापडगिरणीतल्या इंग्रज तंत्रज्ञांनी १७ एप्रिल १९०४ रोजी हा क्लब काढला. साहेबांची संख्या अकरा भरायला पुरेशी नसल्यामुळे गिरणीतल्या इटालियन आणि ब्राझिली कामगारांनाही संघात घेतले गेले, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सिस्को कार्रेगाल हा कृष्णवर्णीय कामगार बांगूकडून खेळला. श्रीमंतांच्या क्लबांनी भरलेल्या रिओच्या लीगने १९०७ मध्ये गोऱ्याखेरीज इतर खेळाडूंची नोंदणी नाकारली, तेव्हा बांगू लीगमधून बाहेर पडला. नंतर १९३३ आणि १९६६ मध्ये तो रिओचा विजेता झाला. गिरणीची इमारत आज मॉल आहे; फिनिक्स मिलच्या आवारात फिरणाऱ्यांना त्याचे नवल वाटणार नाही. फरक इतकाच की बांगूचा क्लब अजून खेळतो.

याच शहरात वास्को द गामा या क्लबने १९२३ मध्ये कृष्णवर्णीय आणि कष्टकरी खेळाडूंच्या बळावर विजेतेपद मिळवले. मोठ्या क्लबांनी वेगळी लीग काढून वास्कोला अट घातली की काही खेळाडू काढून टाका, त्यांचे व्यवसाय आणि शिक्षण योग्य नाहीत. ७ एप्रिल १९२४ च्या पत्राने वास्कोने ती अट फेटाळली. मैदान नाही हेही कारण पुढे केले जात होते, तेव्हा सभासदांनी आणि चाहत्यांनी वर्गणी काढून १९२७ मध्ये स्वतःचे स्टेडियम उभे केले.

भांडणातून जन्मलेले क्लब हा मोठा गट आहे, पण त्यांच्या कथा एकमेकींसारख्या असल्यामुळे मी थोडक्यात सांगतो. म्युनिकच्या एका व्यायाम संघटनेने फुटबॉलवाल्यांना स्वतंत्र महासंघात जाऊ दिले नाही, म्हणून अकरा जण २७ फेब्रुवारी १९०० रोजी कॅफे गिसेलामध्ये जमले आणि बायर्न म्युनिक झाला. डॉर्टमुंडमध्ये चर्चच्या युवक मंडळाचे पाद्री डेवाल्ड फुटबॉलच्या विरोधात होते. १९ डिसेंबर १९०९ रोजी पोरांनी एका मद्यालयाच्या माडीवर बोरुसिया क्लब काढला. मिलान क्लबमध्ये परदेशी खेळाडूंवरून वाद झाला आणि ९ मार्च १९०८ रोजी इंटर निघाला. कलकत्त्यात २८ जुलै १९२० रोजी जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस यांना वगळले. उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी राजीनामा दिला आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला. चार दिवसांत नवा क्लब! तो शतक ओलांडून उभा आहे, कारण पूर्व बंगालमधून आलेल्या आणि पुढे फाळणीनंतर लोंढ्याने आलेल्या लोकांनी त्याला आपले मानले आणि सभासद होऊन पोसले.

यावरून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. मुंबईत काय कमी होते? फुटबॉल नक्कीच कमी नव्हता. रोव्हर्स चषक १८९१ पासून इथे सुरू झाला, तेव्हा मोहन बागान अवघा दोन वर्षांचा होता. पण पहिला विजेता वूस्टरशायर रेजिमेंटचा संघ होता आणि त्यानंतर दीर्घकाळ हा चषक गोऱ्या पलटणींच्या हातातच फिरत राहिला. भारतीय संघाने तो जिंकला १९३७ मध्ये, आणि तोही बेंगळुरू मुस्लिम्सने. मोहन बागानने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून कलकत्त्यात जो भूकंप केला, त्यासारखे मुंबईत त्या काळी काही घडले नाही.

याचे एक कारण वेळेचे आहे. इंग्लंडमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि किशोरांचे शनिवारचे काम दुपारी दोनला थांबवले आणि व्यवहारात त्यांच्यामागून पुरुषांनाही सुटी मिळू लागली. शनिवारी दुपारी फुटबॉल, ही तिकडची रीत त्यातून रुजली. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर, १० जून १८९० रोजी. न्यूटन हीथचा संघ तोवर बारा वर्षांचा झाला होता. ज्याला आठवड्यात एक दिवस विश्रांतीचा मिळण्यासाठी अर्ज आणि सभा कराव्या लागल्या, त्याने त्याच दशकात क्लब काढावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

दुसरे कारण मैदानाचे. फोर्टच्या बाजूची मोकळी जागा आधी गोऱ्यांच्या आणि मग जमातींच्या जिमखान्यांच्या वाट्याला गेली. तिथेही झगडा झालाच: पारशी क्रिकेटपटूंनी १८८० च्या दशकात साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी मैदान खराब होते म्हणून सरकारदरबारी अर्जांचा पाठपुरावा केला होता. पण त्यांच्याकडे शिक्षण, पैसा आणि १८४८ च्या ओरिएंटल क्रिकेट क्लबपासूनचा अनुभव होता. क्लब काढण्याची मुंबईची सारी हुशारी क्रिकेटमध्ये गेली, असे मी म्हणतो तेव्हा फुटबॉलवाले रागावतात. पण जिमखाने आणि क्रिकेट क्लबांची यादी समोर ठेवली की त्यांचाही नाइलाज होतो. लालबाग-परळच्या माणसाला कूपरेज मैदान लांब होते, आणि अंतरापेक्षाही वातावरणाने परके होते.

तरीही गिरणी कामगाराने संस्था उभ्या केल्या नाहीत असे समजणे चूक ठरेल. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेल्या माणसाने गावमंडळाच्या खोल्या चालवल्या, व्यायामशाळा, भजनी मंडळे, कबड्डीचे संघ आणि गणेशोत्सव मंडळे उभी केली. कबड्डीला चाळीमधली मोकळी जागा पुरे, बूट नकोत, चेंडूही नको. त्या मंडळांची पावतीपुस्तके, खजिनदार, वार्षिक सभा, त्यातले रुसवेफुगवे हे सगळे मी जवळून पाहिले आहे, आणि बायर्नच्या किंवा ईस्ट बंगालच्या संस्थापकांनी केले त्याहून ते काडीनेही कमी नव्हते. म्हणजे संघटनशक्ती होती, ती दुसऱ्या खेळांकडे वळली.

तिसरे कारण माझ्या मते निर्णायक आहे. मुंबईत फुटबॉल भरभराटीला आला तो कंपन्यांच्या संघांमुळे. मफतलाल, टाटा, ओर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र, बँका, बंदर, रेल्वे यांच्या संघांत कितीतरी गुणी खेळाडूंना नोकरी आणि सुरक्षितता मिळाली, आणि त्याबद्दल मी त्या संघांचा ऋणी आहे. पण हे संघ क्लब नव्हते. खेळाडू हा पगारपत्रकावरचा नोकर होता, संघाचे अंदाजपत्रक कंपनीच्या एका खात्याचे होते आणि गॅलरीत बसणाऱ्याला सभासद होण्याचा मार्ग नव्हता. महिंद्र युनायटेडने २००५–०६ चा राष्ट्रीय लीगचा किताब जिंकला आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. दु:ख करणारे पुष्कळ होते, पण सभा बोलावून ठराव मांडण्याचा अधिकार असलेला एकही माणूस नव्हता. थेम्स आयर्नवर्क्सच्या बाबतीत १९०० मध्ये जे घडले ते मुंबईत कधीच घडले नाही. मालकाने हात काढून घेण्याआधी संघ मालकाच्या हातून बाहेर पडला नाही.

कंपनीच्या छायेत राहूनही टिकलेले क्लब आहेत, हे मान्य केले पाहिजे. लेव्हरकुसेनच्या बायर कंपनीत विल्हेल्म हाउशिल्ड या कामगाराने १९०३ मध्ये सह्या गोळा करून अर्ज केला आणि पुढच्या वर्षी क्लब झाला. आइंटहोवेनचा पीएसव्ही १९१३ मध्ये फिलिप्सच्या नोकरांसाठी निघाला. पण तिथे कंपनी शतकभर त्याच गावात राहिली आणि गावच कंपनीभोवती वाढले. गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेलेल्या शहरात त्या उदाहरणावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या नोंदणीविषयी. किमान सात जणांनी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था नोंदवावी आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली तिची न्यास म्हणूनही नोंद व्हावी, ही आपल्याकडची रूढ वाट आहे. मंडळाची नोंदणी आधीच असेल तर मोह होतो की फुटबॉलला मंडळाची एक शाखा करून भागवावे. तसे करू नका असे मी म्हणेन. मंडळात निवडणुकीवरून फूट पडली की शाखेचे बँक खाते सर्वांत आधी गोठते, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. क्लब वेगळा नोंदवा, मंडळाला हवे तर कार्यकारिणीत एक जागा द्या. प्रायोजकाचे नाव सदऱ्यावर खुशाल असू द्या, क्लबच्या नावात मात्र नको, कारण प्रायोजक गेल्यावर महासंघाकडे नाव बदलण्याचा नवा अर्ज करावा लागतो आणि जुन्या संघाचे गुण, दर्जा आणि खेळाडूंची नोंदणी यांवर प्रश्न उभे राहतात. आणि विसर्जनाचे कलम शेवटी घाईत लिहू नका. कायद्याने उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. ती कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे जावी हे आपण आधीच लिहून ठेवू शकतो.

रंगांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण जर्सीचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. युव्हेंटसचे खेळाडू आधी गुलाबी सदरे घालत; १९०३ मध्ये नॉटिंगहॅमच्या ओळखीने नॉट्स काउंटीचे काळे-पांढरे पट्टे आले. बिल्बाओच्या क्लबने १९०९ च्या अखेरीस ब्लॅकबर्नसारखे सदरे आणायला एकाला सांगितले, ते मिळाले नाहीत म्हणून तो साउथॅम्प्टनचे लाल-पांढरे घेऊन आला, अशी कथा आहे. बोका ज्युनियर्सने बंदरात शिरलेल्या स्वीडिश जहाजाच्या झेंड्यावरून निळा-पिवळा घेतला असे सांगतात. दुकानात एकसारखे पंधरा सदरे ज्या रंगाचे मिळतील तो रंग निवडा, पुराणकथा आपोआप तयार होईल.

राहिला वर्षाचा प्रश्न. या बाबतीत जगभर सोयीनेच निवड झाली आहे. ‘१८६० म्युनिक’ या नावाचा क्लब मुळात व्यायाम संघटनेचे वर्ष मिरवतो. त्याचा फुटबॉल विभाग १८९९ चा. रिओचा फ्लामेंगो क्लब १७ नोव्हेंबर १८९५ रोजी नौकानयनासाठी स्थापन झाला, वाढदिवस मात्र १५ नोव्हेंबरला, ब्राझीलच्या प्रजासत्ताक दिनी, साजरा होतो. तिथे फुटबॉल आला तो फ्लुमिनेन्स या शेजारच्या क्लबमधून रुसून बाहेर पडलेल्या खेळाडूंबरोबर, १९११ च्या सुमारास. नॉट्स काउंटी १८६२ सांगतो, रीतसर क्लब १८६४ चा. म्हणून जर्सीवर तुमचा संघ पहिल्यांदा खेळला ते वर्ष घालायला माझी हरकत नाही, मात्र त्यासाठी स्पर्धेचे पत्रक, गटांचा तक्ता, पंचांच्या सहीचे गुणपत्रक किंवा वर्गणीची पावती यांपैकी निदान एक कागद हाती असावा. घटनेत आणि महासंघाच्या अर्जात मात्र नोंदणीची तारीखच लिहा, आणि पहिल्या सर्वसाधारण सभेत एक ठराव करून घ्या की अमुक वर्षापासून मंडळाच्या नावाने खेळणारा संघ, त्याची ढाल-चषके, साहित्य आणि शिल्लक रक्कम या क्लबकडे वर्ग होत आहे. मंडळानेही आपल्या सभेत तसाच ठराव मंजूर करावा आणि दोन्ही ठरावांच्या प्रमाणित प्रती नोंदणीच्या कागदांसोबत जोडाव्यात.